कुटाराचा लोड आणि एक लाल टाचणी

विमलताई,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी माती खाल्ली, ते आधीच सांगून टाकतो. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, आणि तुझ्या जावयानं माइक माझ्या हातात दिला. "दिगांबरभाऊ, शेजारी म्हणून दोन शब्द बोला." मी बारा ओळी पाठ करून आलो होतो. त्यात सेवा होती, त्याग होता, करुणा तर तीनदा होती. समोर अर्धं दारव्हा बसलेलं. त्यातल्या निम्म्यांना तू इंजेक्शनं टोचलेली आणि उरलेल्यांना तुझ्याच हातांनी या जगात ओढून काढलेलं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "सिस्टर फार मायाळू होत्या. त्यांचा लोड मात्र फार कडक होता."

झालं. पुढची एक ओळ आठवेल तर शपथ. माइक परत दिला आणि मंडपाबाहेर जाऊन उगाच चपला शोधत बसलो. आतून कोणीतरी विचारत होतं, "कायचा लोड वो?" दुसऱ्यानं त्याला समजावलं, "झोपत असतीन ना कडक लोड घेऊन. नर्सबाईची शिस्त रायते बाप्पा."

तू असतीस तर तोंडाला पदर लावून खांदे हलवत हसली असतीस. तुझी नात प्रज्ञा तेवढी हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तेव्हा ठरवलं की बोलायचं ते लिहून काढायचं. लिहिताना निदान माइक तरी खरखरत नाही.

तर तो लोड. हातभर लांबीचा, गव्हाच्या कुटारानं, म्हणजे भुश्शानं, इतका ठासून भरलेला की वाजवला तर दार वाजवल्यासारखा वाजावा. त्यावर भोकं पाडलेला नक्षीचा नकाशा, नकाशावर टाचण्या, आणि टाचण्यांखाली लोंबणाऱ्या पन्नासेक कांड्या. प्रत्येक कांडीवर बारीक पांढरं सूत. दुपारी तू ओट्यावर बसलीस की त्या कांड्यांचा टकटक टकटक आवाज माझ्या अंगणापर्यंत यायचा. लेस म्हटली की आमच्याकडे लोकांना बाजारात वारावर मिळणारी परकराची किनार आठवते. तुझी लेस वेगळी. तिला कापड लागत नाही, क्रोशाची सुई लागत नाही. सूत सुतावरून जातं, टाचणी त्याला जागेवर धरते, आणि शेवटी टाचण्या काढल्या की मागं नुसती जाळी उरते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "ताई, हे टिकते काय?" तू म्हणालीस, "तुह्या बोलण्यापेक्षा जास्त टिकते."

नर्सिंग शिकत असताना केरळकडच्या एका थोराड सिस्टरनं तुला हे शिकवलं. दुपारची सुटी, वसतिगृहाचा व्हरांडा, आणि तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तू सांगायचीस, "तिनं माह्या बोटाइले शिकवलं, मले नाही." पुढे चाळीस वर्षं नोकरीत गावोगावी बदल्या झाल्या, बोरी अरब झालं, ढाणकी झाली, आणि सामानाच्या ट्रकमध्ये सगळ्यात वर तो लोड. निवृत्त होऊन तू दारव्ह्याला माझ्या शेजारी आलीस तेव्हाही पहिल्यांदा तोच उतरला. मला वाटलं, बाईंनी मृदंग आणला.

आणि मी तुझा चेला कसा झालो, ते लोकांना सांगायची मला अजून लाज वाटते, म्हणून इथं लिहितो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. मी खरेदी केंद्रावर ग्रेडर. मूठभर कापूस हातात घ्यायचा, दोन चिमटींत ओढायचा, आणि धाग्याची लांबी सांगायची, हे माझं काम आणि हाच माझा माज. केंद्र आज उघडं तर उद्या बंद. भाव पडलेला, आवाराबाहेर ट्रॉल्यांची ओळ बसस्टँडपर्यंत. विकला न गेलेला कापूस लोकांनी घरात भरला. आत पलंगावर कापूस, बाहेर ओसरीत माणसं. कापसात राहून अंगाला खाज सुटायची, लेकरांच्या मानेवर पुरळ यायचं, आणि सकाळपासून तुझ्या ओट्यावर मलमासाठी रांग लागायची. तू कोणाला भाव विचारायची नाहीस. गावात तेवढी एकच जागा होती जिथं कापसाचा भाव कोणी विचारत नव्हतं. मान पुढे कर म्हणायचीस, मलम लावायचीस, आणि पुढचा.

अशातच एके दिवशी मी एका ट्रॉलीवर चढून खाली उभ्या असलेल्या दहा जणांना वरून कोरडा दिसणारा कापूस आतून ओला कसा ओळखायचा, यावर व्याख्यान देत होतो. बोलता बोलता दोन पावलं मागे सरकलो. मागे ट्रॉली नव्हती. आवारात चहूकडे कापसाचे डोंगर, माणूस कुठंही पडला असता तरी गादीवर पडला असता. मी पडलो तो नेमका वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर. कापसाच्या ढिगावरून पडून मनगट मोडून घेतलेला माणूस जिल्ह्यात मी एकटाच असेन. काट्यावरच्या माणसानं आधी माझं वजन वाचलं, मग हात दिला.

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वळेनात. तू माझा एक्सरे खिडकीशी धरलास आणि बराच वेळ पाहत राहिलीस.

"ताई, हाड जुळलं ना?"

"हाड जुळलं रे. फिलम मस्त हाय. एक सुरकुती नाही. ठेवून घेऊ काय?"

त्या फिल्मवर तू सुईनं भोकं पाडून पिंपळपानाचा नकाशा केलास. कागद टाचण्यांनी फाटतो, फिल्म फाटत नाही, आणि तिच्या निळसर काळ्या रंगावर पांढरं सूत उठून दिसतं, डोळ्याला ताण पडत नाही, हे तुझं संशोधन. दवाखान्यातल्या जुन्या फिल्मांवर तू कितीतरी नकाशे केले होतेस. माझ्या मनगटावर पिंपळ उगवला तो असा.

मग मला समोर बसवलंस. "कांड्या हलव. नाही हलवशीन तर बोटाइच्या काकड्या होतीन." मी म्हटलं, बायकांचं काम मी कायले करू? तू वर न पाहता म्हणालीस, "बायकाइचं काम अवघड अस्ते, म्हून सोप्यापासून शिकवते तुले."

पहिल्याच आठवड्यात मी उपकाराची परतफेड करायला गेलो. तुझा लोड जुना, कुटार जागोजाग चेपलेलं. मी कापसातला माणूस! घरून निवडक कापूस आणला, पानाकाडीची एकही किटी नाही, दुधासारखा. बायकोकडून नवा लोड शिवून घेतला, स्वतः बसून भरला, आणि नारळ दिल्यासारखा दोन्ही हातांनी तुला दिला. तू तो मांडीवर घेतलास. एक टाचणी घेतलीस, त्यात टोचलीस. टाचणी डुलली, आडवी झाली आणि दिसेनाशी झाली. दुसरी टोचलीस. तीही बुडाली.

"दिगांबर, यात टाचणी उभी राहत नाही. ओढ दिली का सूत टाचणीले घेऊन पळते. यावर मी डोकं ठेवून झोपीन. कामाले कुटारच पायजे."

मी ग्रेडर म्हणून सतरा प्रकारचा कापूस ओळखत होतो, आणि त्यालाच लोडात नापास होताना पाहायची वेळ माझ्यावर आली. तू खरंच पुढे त्यावर डोकं ठेवून झोपलीस. लोडाच्या आतल्या त्या दोन टाचण्या मात्र आपल्याला शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. रोज सकाळी मी तुझं डोकं शाबूत आहे का ते पाहायला यायचो.

कांड्यांचंही तसंच. तुझ्या जुन्या कांड्या बांबूच्या, काही तडकलेल्या. मी म्हटलं, पऱ्हाट्या काय कमी आहेत? कापूस निघाला की शेतोशेती काड्या उभ्या, लोक चुलीत घालतात. चाकू घेऊन बसलो. पन्नास कांड्या तासल्या आणि घेऊन आलो. तू एक एक हातात घेऊन तोललीस. "ही जाड. ही बारीक. हिचा गुडघा निघाला. ही त तुह्यासारखी, मधातच फुगली." मग नीट समजावलंस. जोडीतल्या दोन कांड्या सारख्या वजनाच्या हव्यात, नाहीतर एक सूत ताणलं जातं आणि दुसरं ढिलं राहतं. कांडीला गाठ किंवा कुसळ राहिलं तर सूत अडकून तुटतं. मान बारीक, पोट लांबट, टोकाला बोंडासारखा गोळा, म्हणजे सूत घसरत नाही. पॉलिश पेपरनं घासायचं, मग खोबरेल लावून दोन दिवस ठेवायचं, आणि सूत गुंडाळण्याआधी पुसून कोरडं करायचं. मी पुसायला विसरलो. पहिली वीतभर लेस पिवळी झाली आणि तिला चिवड्याचा वास येत होता.

पण तिसऱ्या खेपेच्या कांड्या तुला पटल्या. त्या तू शेवटपर्यंत वापरल्यास. तू तसं कधी म्हणाली नाहीस, मी मोजून ठेवलं होतं.

काम शिकवायची तुझी पद्धत मी अजून कोणात पाहिली नाही. पन्नास कांड्या लोंबताना पाहून मला घेरी यायची. तू म्हणायचीस, "चारच कांड्या पाह्य. बाकीच्या झोपल्या हायत, त्याइले उठवू नको." मधल्या दोघींत डावी उजवीवरून न्यायची, ही ओलांड. मग दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून, हा पीळ. ओलांड, पीळ, ओलांड केलं की दाट कापड होतं. नुसतं ओलांड, पीळ केलं की जाळी. सगळी लेस या दोन हालचालींची. सूत बोटांनी धरायचं नाही, कांडीला धरायचं, हात घामेजले की धुवून यायचं. टाचणी सरळ टोचायची नाही, कडेची बाहेर झुकलेली हवी, ओढ आली तर तिनं मागं रेलायला पाहिजे. उठताना कांड्या पट्टीनं बांधून वर कापड टाकायचं. तुझी पट्टी क्रेप बँडेजची. मुरगळलेल्या पायासारखा तुझा लोड कोपऱ्यात बसलेला असायचा.

आणि लाल टाचणी. बाकी सगळ्या टाचण्या साध्या, पितळी. काम चुकलं, पण आत्ता उठावं लागतंय, दारात मलमाला माणूस आलाय, अशा वेळी तू त्या जागी लाल डोक्याची टाचणी टोचून जायचीस. म्हणजे इथं परत यायचं आहे. तुझ्या कामात ती मला वर्षातून एकदा दिसायची. शिकायला घेतलेला माझा लोड मात्र गोवर आल्यासारखा दिसायचा.

इथंच आपलं भांडण होतं. तुझा नियम, चूक दिसली की तिथपर्यंत उलटं जायचं. एकेक टाचणी काढायची, पीळ सोडायचे, मग पुन्हा. दोन दिवसांचं काम गेलं तरी जायचं. मी म्हणायचो, "ताई, कोण पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली ना."

"तुले सोडून?"

"तू पाहून राह्यला. तुले ठाऊक हाय ना, कुठं हाय ते? मंग झाले दोघं."

मी म्हणायचो, अख्खं जग चुकांवर चाललंय, खरेदी केंद्रावर ये, दाखवतो. तू म्हणायचीस, केंद्रावर चालते म्हणूनच इथं चालत नाही. हे भांडण आपण चार वर्षं चालवलं, रोज चहाबरोबर. त्याचा निकाल लागला नाही. मला वाटायचं, निकालाची घाई कोणाला आहे.

दुसरा नियम, दुसऱ्याच्या लोडाला हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या हाताची ओढ वेगळी, ती सुतात उतरते. हा नियम तू एकदाच सांगितलास, कारण एकदाच पुरेसा होता.

आता मी जे लिहिणार आहे, ते तुला समोर सांगायचं होतं.

प्रज्ञाचं लग्न ठरलं आणि तू तिच्या पांढऱ्या साडीच्या पदराला पिंपळपानांची लेस करायला घेतलीस. पाच वीत लांबी, माझ्या मनगटाच्या फिल्मवर. पान दाट कापडाचं, दोन पानांमध्ये जाळी. दम लागायचा, म्हणून रोज थोडंच. दोन वीत झाली होती. एका दुपारी मी आलो, तू समोर बसलेली, आणि पलीकडच्या गल्लीतून कोणी बोलावलं, लेकराला फणफणून ताप आहे. तू उठलीस. कांड्या बांधल्या नाहीस. "आलीच मी. चहा उतरव."

चहा उतरवला. तू येईना. मी तुझ्या जागेवर बसलो. ताई, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. चार वर्षं शिकलो, तिसऱ्या खेपेच्या कांड्या माझ्या हातच्या, एक पान पुरं करून ठेवावं, तू यावंस आणि म्हणावंस, अरे बाप्पा, हे कोणी केलं? पान बरं झालं. पानाशेजारच्या जाळीत मात्र, स्वतःवर खूश होऊन, मी एके ठिकाणी ओलांड जास्त घातली. जाळी बुजली. तुरीच्या डाळीएवढं दाट कापड. माझ्या ध्यानात आलं तेव्हा फाटकाची कडी वाजली होती. मी टुणकन उठून आपल्या जागी बसलो आणि चहाकडे बघत राहिलो, जणू चहा उतू जाणार होता. चहा केव्हाचा थंड झाला होता.

तू बसलीस. लोडाकडे पाहिलंस. मग माझ्याकडे.

"दिगांबर, तुले काही सांगाचं हाय काय?"

"हो," मी म्हणालो, "चहात साखर कमी हाय."

"बरं," तू म्हणालीस आणि कांड्या उचलल्यास. टकटक, टकटक, पुढे.

मला वाटलं, सुटलो. डोळ्यांना आता कमी दिसतं तुझ्या, पुढे गेलीस म्हणजे दिसलं नसणार. त्यानंतर तू रोज काम करत होतीस, मी रोज येत होतो, आणि रोज सांगायचं ठरवून दुसरंच काही सांगत होतो. पाऊस, सोयाबीन, माझ्या मेहुण्याची मूळव्याध. दोन वीत काम पुढे सरकलं. जितकं सरकलं तितकं सांगणं अवघड झालं, कारण सांगितलं तर तू उलटी जाणार, आणि लग्न जवळ आलेलं.

मग एका सकाळी तू रांगेतल्या माणसाला मलम लावता लावताच खाली बसलीस. यवतमाळच्या दवाखान्यात दोन दिवस. मी आलो होतो. तू विचारलंस, "कांड्या बांधल्या काय?" मी म्हणालो, "बांधल्या." तू डोळे मिटलेस. नर्स असूनही तू नळ्या लावलेल्या अवस्थेत फार लहान दिसत होतीस. तेव्हा सांगता आलं असतं. मी तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी कापसाबद्दल बोलत बसलो.

पुण्यानुमोदन झाल्यावर दोन दिवसांनी प्रज्ञा लोड घेऊन माझ्या दारात आली. लग्न साध्या पद्धतीनं, ठरल्या दिवशीच करायचं, ही तुझीच इच्छा. पाच दिवस उरलेले.

"आबाजी, एक वीत राह्यली."

"पोरी, दुसऱ्याच्या लोडाले हात लावत नाही. तुह्या आजीचा नियम हाय."

"आजीनंच सांगितलं दवाखान्यात. राह्यलं त दिगांबरले देजो म्हणे. त्याले ते ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"तेवढंच बोलली. मले वाटलं विणणं."

मी कापड काढलं. बँडेज सोडलं. नवं काम पाहताना आधी मागचं पाहायचं, हे तूच शिकवलेलं, म्हणून लोड फिरवला. मागच्या टाचण्या तू क्रमानं काढून पुढे आणलेल्या, मागे लेस मोकळी. आणि बरोबर एका फेऱ्यावर, माझ्या पानाशेजारी, तुरीच्या डाळीएवढ्या त्या बुजलेल्या जागेत, लाल टाचणी उभी.

ताई, मी ती जागा बोटानं चाचपून पाहिली. प्रज्ञानं पाणी आणून दिलं.

तू त्याच दिवशी पाहिलं होतंस; मी चहाकडे बघत होतो आणि नंतर त्या जागेकडे पाहायचंच टाळत होतो, म्हणून टाचणी मला दिसली नाही. साखरेचं ऐकून बरं म्हणालीस, टाचणी टोचलीस आणि पुढे गेलीस. तू! दोन टाक्यांसाठी दोन दिवस उलटी जाणारी. आणि काम लोडाभोवती फिरत फिरत त्याच जागेपाशी आलं होतं. आणखी दोन बोटं पुढे गेली असतीस तर ती टाचणी काढावीच लागली असती. म्हणजे तोपर्यंत मुदत होती. तू मला लोडाच्या एका फेऱ्याएवढा वेळ दिला होतास. मी तो मेहुण्याच्या मूळव्याधीवर घालवला.

आता नियमाचं काय? लाल टाचणी म्हणजे परत यायचं. यायचं तर दोन वीत उलटं जावं लागणार. तुझ्या हातचे शेवटचे पीळ एकेक करून सोडायचे, आणि ते सूत पुन्हा माझ्या हातानं ओढायचं. टाचणीकडे हात नेला तेव्हा लक्षात आलं की मनगट दुखतंय, तेच, नकाशातलं.

"आबाजी, काही चुकलं काय?" प्रज्ञानं विचारलं. "उलटं जा लागते काय?"

मी टाचणीचं लाल डोकं दोन बोटांत धरलं. चार वर्षं मी जे म्हणत होतो, कोण पाहून राह्यलं, ते आता म्हणता येईना. आणि तू जे म्हणत होतीस तेही करवेना. आपल्या भांडणाचा निकाल लागायचा तर दोघंही हरून लागायचा होता.

"नाही," मी म्हणालो. "पुढंच जातो."

टाचणी काढली आणि सदऱ्याच्या खिशावर खोचली.

चार दिवस बसलो. चारच पाहिल्या, बाकीच्या झोपू दिल्या. तिसऱ्या दिवशी एक सूत तुटलं, तू शिकवलेली गाठ तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली. दोनदा मी उलटा गेलो, पूर्ण, कुरकुर न करता. तुझ्या नियमाला मान म्हणून नाही म्हणता येणार, खिशावरची टाचणी छातीला टोचत होती म्हणून. माझी वीत तुझ्यापेक्षा ढिली झाली. जाणता माणूस हात फिरवून सांगेल, इथं एक हात थांबला आणि दुसरा सुरू झाला. पण दारव्हा तालुक्यात हे ओळखणारी माणसं दोनच होती, आणि आता एकच उरलंय, तेही पक्षपाती.

शेवटच्या टाचण्या काढल्या. लेस उचलली. पाच वीत, अकरा पानं, हवेत लोंबत होती, आणि खाली काळ्या फिल्मवर माझी हाडं.

लग्नाच्या आदल्या दुपारी लेस पदराला शिवून झाली. प्रज्ञानं साडी मांडीवर पसरली आणि कडेनं बोट फिरवत गेली, पानावरून जाळी, जाळीवरून पान. तुझ्यासारखीच, पाहून नाही, बोटानं वाचत. बोट थांबलं. थोडं मागे गेलं. पुन्हा थांबलं.

"आबाजी, हे इथं काय हाय? आजीचं असं नसते."

बायको चहाचे कप घेऊन आत येत होती. बोलायला विषय बरेच होते. उद्याचा मंडप होता, पाहुणे होते, केंद्र पुन्हा कधी उघडणार हे होतं.

"आजीचं नाही," मी म्हणालो. "माह्यं हाय. तुह्या आजीच्या जागेवर बसून केलं, तिले न विचारता. ते तिले ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

प्रज्ञा माझ्याकडे पाहत राहिली, बरोबर तू पाहिलं होतंस तसं. मग म्हणाली, "बरं," आणि बोट पुढे नेलं.

काल ती साडी नेसून गेली, ताई. पदर पाठीवरून छान पडला होता. लाल टाचणी माझ्या खिशावर आहे, आणि लोड तिनं माझ्याकडेच ठेवलाय.

आणि एक राहिलं. त्या दिवशी चहात साखर बरोबर होती.

तुझा,
दिगांबर